घोडा अंगावर आला तर

"समजा, घोडा अंगावर आला. वर चिलखत घातलेला स्वार. तुमच्या हातात फक्त एक लांब काठी आहे. काय कराल?"

आमच्या पहिल्या भेटीत त्यांनी मला हे विचारलं, ऑफिसच्या कॉफी मशीनसमोर, माझा कप भरत असताना. अमेरिकेतल्या हर्नडनच्या त्या काचेच्या इमारतीत मी रुजू होऊन जेमतेम आठवडा झाला होता. नव्या माणसाला काय काय विचारतात हे मला पाठ होतं. कॉलेज कुठलं, व्हिसा कुठल्या स्टेजला, अपार्टमेंट मिळालं का, गाडी घेतली का. घोड्याचं कुणी विचारत नाही. आणि जे कुणी विचारत नाही ते एखादा विचारतो तेव्हा त्याच्या मनात काहीतरी असतं, असं मी धरून चालते. मी म्हटलं, "का विचारताय?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ, आणि आपला कप उचलून निघून गेले.

त्या दिवसापासून मी त्यांच्यावर नजर ठेवली. ते आमचे सिस्टिम आर्किटेक्ट होते, साठीच्या आसपासचे, काटकुळे, पँट बेंबीच्या वर चढवलेली आणि मनगटावर जुनं किल्लीचं घड्याळ. तोंडावर सगळे त्यांना सर म्हणायचे, पाठीमागे पाइक अंकल. कारण या माणसाला जगात एकाच गोष्टीचा नाद होता, युरोपातल्या जुन्या पायदळाच्या पाइकचा. पाइक म्हणजे सोळा-अठरा फुटी भाला. पण भाला म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. "भाला फेकतात. हा फेकायचा नाही, रोवायचा. मागचं टोक उजव्या पायाशी दाबून धरायचं, गुडघा वाकवायचा, पुढचं टोक घोड्याच्या छातीला. बास. बाकीचं काम घोडा करतो."

हे ते कुठेही सांगायचे. लिफ्टमध्ये, बर्थडे केकसमोर, एकदा तर फायर ड्रिलच्या वेळी पार्किंगमध्ये, सगळ्यांना चौकोनात उभं करून. स्विस डोंगरातले शेतकरी आणि फ्लँडर्सचे विणकर यांचं नाव काढलं की त्यांचा आवाज चढायचा. "सरदार लोखंडात मढलेले. घोडेसुद्धा मढलेले. पिढ्यानपिढ्या त्यांना वाटत आलेलं की पायी चालणारा माणूस आपल्याला बघून पळणार. पळतच होता तो! एक दिवस नाही पळाला. खांद्याला खांदा लावून उभा राहिला. झालं, सरदारकी तिथंच संपली." मग ते थांबून ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे बघत बसायचे. समोरचा "इंटरेस्टिंग" म्हणून सटकला की मान हलवायचे, मनात काहीतरी टिपून ठेवल्यासारखी. ही मान हलवणं मला अजिबात आवडायचं नाही.

कोड रिव्ह्यूमध्येसुद्धा पाइक. लांब मजल मारताना तो जड होतो म्हणून सैनिक मागून गुपचूप दोन फूट कापून टाकायचे, आणि लढाईच्या दिवशी कळायचं की समोरच्याचा दोन फूट लांब आहे. म्हणून आमच्यापैकी कुणी टेस्ट लिहायची टाळली की त्यांची कॉमेंट यायची, "दोन फूट कापलेत." तेवढंच, रोमन लिपीत आणि मराठीत. टीममधल्या तेलुगू आणि अमेरिकन मुलांनाही त्याचा अर्थ तोंडपाठ झाला होता. जर्मन पलटणींत पुढच्या ओळीत उभं राहणाऱ्याला दुप्पट पगार असायचा, असं ते सांगायचे आणि मीटिंगमध्ये मॅनेजर मंडळी मागे मागे सरकली की मोठ्याने विचारायचे, "दुप्पट पगारवाले आज मागच्या ओळीत कसे?" बंदुकीच्या टोकाला संगीन बसली तेव्हा पाइकवाल्यांची गरज संपली, ते इतिहासातलं सगळ्यात मोठं ले-ऑफ, हेही त्यांचंच वाक्य.

त्यांच्या टाउनहाऊसच्या गॅरेजमध्ये एक खराखुरा पाइक होता, अॅश लाकडाचा, स्वतः तासलेला. तो सरळ मावत नसे, म्हणून कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरका ठेवलेला. त्यापायी गाडी बारा महिने बाहेर, बर्फातसुद्धा. सोसायटीवाल्यांनी बाहेर गाडी ठेवण्याबद्दल नोटीस दिली तेव्हा त्यांनी कमिटीच्या बाईंना आत बोलावून तासभर पाइक समजावून दिला. पुन्हा नोटीस आली नाही. बाईही पुन्हा आल्या नाहीत. एकदा गाडीच्या टपावर लाल फडकं बांधून तो नेत असताना पोलिसाने अडवलं. "अँड व्हॉट इज धिस, सर?" यावर यांनी त्याला विचारलं, समजा घोडा अंगावर आला तर? पोलिस म्हणे हसला आणि म्हणाला, आय'ड कॉल फॉर बॅकअप. सरांना हे उत्तर फार आवडलं होतं. "करेक्ट! एकट्याच्या हातात पाइक म्हणजे नुसती काठी," ते म्हणायचे, "बॅकअप पाहिजे."

तर असा गमतीचा माणूस. मग माझा संशय कशाचा?

तो समजायला माझी अडचण सांगायला हवी. आम्ही नागपूरचे बौद्ध. पासपोर्टवर माझ्या आडनावाच्या जागी वडिलांचं नाव आहे, ते मुद्दामच. अमेरिकेत आल्यावर आडनाव विचारणारे भेटणार नाहीत असं बाबांना वाटलं होतं. भेटतात. आणि आडनावावरून काही कळलं नाही तर त्यांच्याकडे दुसरा, फार गोड प्रश्न असतो, "तुमच्याकडे गणपती किती दिवसांचा?" दीड, पाच, सात, दहा, काहीही सांगा, प्रश्न सुटतो. "बसत नाही" म्हटलं की मात्र समोरचा हसू तसंच ठेवून हळूच मोजमाप घ्यायला लागतो. आमचे डायरेक्टर पुण्याचे, अगदी मनमिळाऊ, आणि हा प्रश्न त्यांचा खास आवडीचा. माझ्या ग्रीन कार्डाचं प्रकरण पुढे सरकायला त्यांचा होकार हवा होता. त्यांनी विचारलं तेव्हा मी न अडखळता म्हणाले, "दीड दिवसांचा." याआधी दोन कंपन्यांमध्ये हे उत्तर चाललं होतं.

आणि हे सर त्याच डायरेक्टरांच्या केबिनमध्ये दर शुक्रवारी दार लावून बसायचे. मीटिंगमध्ये कायम शेवटच्या खुर्चीत, भिंतीला पाठ लावून. तिथून सगळ्यांच्या माना दिसतात. त्यांचं मराठी बातम्या देणाऱ्याचं असतं तसं धुऊन काढलेलं, कुठल्याच जिल्ह्याचा वास नाही. प्रत्येकाला अहो-जाहो, समर इंटर्नलासुद्धा. इमेलमध्ये आडनावाचं एकच अक्षर. बायको वारलेली आणि मुलगी सांता क्लाराला, एवढी माहिती मिळायची, त्यापलीकडे पाटी कोरी. मी एकदा खडा टाकून पाहिला, "सर, तुमचं मूळ गाव कुठलं?" ते म्हणाले, "महाराष्ट्रात आहे. तुमचं?" मी म्हटलं, "माझंही." आम्ही दोघांनी कॉफी प्यायली आणि आपापल्या डेस्ककडे गेलो.

माझा तर्क पक्का होता. डायरेक्टर गणपतीवरून माणूस ओळखतात, हे घोड्यावरून ओळखतात, आणि शुक्रवारी दोघं बसून जमाखर्च करतात. कोण कुठल्या घरचं, कोण टिकेल, कोणाला वर न्यायचं. एकदा मी सरांना सहज सांगितलं की दसऱ्याला मी रजा घेतेय. दुसऱ्या दिवशी डायरेक्टर म्हणाले, "काय, दसऱ्याला सुट्टी? घरी काही स्पेशल?" दसऱ्याला आम्ही पांढरे कपडे घालून व्हिडिओ कॉलवर दीक्षाभूमी बघतो. मी म्हटलं, "गाडीची पूजा." घरी आल्यावर मला इतका राग आला की भांडी घासताना एक कप फुटला.

पुढे वसंतात त्यांनी विचारलं, "शनिवारी आमच्या पाइकवाल्यांच्या क्लबचा सराव आहे. एक माणूस कमी पडतोय. याल?" मी हो म्हटलं. पाइकसाठी नाही, त्यांना माझ्याकडून काय काढायचंय ते बघण्यासाठी. त्यांच्या गाडीत बसायचं नाही म्हणून मी स्वतः ड्राइव्ह केलं, आणि गाडी तोंड बाहेर करून लावली.

गाव सोडून बऱ्याच आत एक कुरण होतं. तिथे लोकरी बंड्या घातलेली दहा-पंधरा अमेरिकन माणसं, त्यात एक प्लंबर, एक दातांचा डॉक्टर, एक निवृत्त शाळामास्तरीण. त्यांनी माझ्या हातात पाइक दिला. तो इतका लांब की शेंडा स्वतःच्या मर्जीने हलत राहतो. मला मधल्या ओळीत ठेवलं, आणि सर गेले अगदी शेवटच्या ओळीत. मी म्हटलंच, इथेही माना मोजायला. सरावात विश्रांती झाली तेव्हा मी न राहवून विचारलं, "सर, तुम्ही नेहमी मागे का?"

"पुढचा माणूस पळू शकत नाही," ते म्हणाले. "त्याच्या पुढे शत्रू, मागे आपली माणसं. पळतो तो शेवटचा. शेवटचा पळाला की चौकोन उसवत जातो. म्हणून सगळ्यात मागे असा माणूस ठेवायचा, जो एकदा पळालेला आहे आणि पुन्हा पळणार नाही."

हे त्यांनी स्वतःबद्दल सांगितलं की माझ्याबद्दल, याचा मी विचार करत होते, तेवढ्यात कुणीतरी ओरडलं. क्लबमधली एक बाई तपकिरी घोडीवर बसून कुरणाच्या टोकावरून थेट आमच्याकडे दौडत येत होती. सरावच होता, मला आधी सांगितलंही होतं. पण जमीन पायाखाली धडधडायला लागली तेव्हा सांगितलेलं सगळं डोक्यातून गेलं. शेजारच्या मास्तरीणबाईंचा खांदा माझ्या खांद्याला लागला, मागून सरांचा आवाज आला, "गुडघा! गुडघा वाकवा!" मी वाकवला. घोडी टोकांच्या थोडं अलीकडे थांबली, फुरफुरली आणि वळली. कुणीही तिला हात लावला नव्हता.

घरी येताना मला रडू आलं. का ते तेव्हा कळलं नाही, आणि न कळलेल्या गोष्टीबद्दल मला सरांचाच जास्त संशय आला.

मग भाद्रपद आला. ऑफिसच्या मोठ्या कॉन्फरन्स रूममध्ये, प्रत्येकाने घरून काहीतरी आणायचं असा पॉटलक ठेवला होता. टेबलावर उकडीचे मोदक, केदारने आणलेला चीजकेक, आणि अमेरिकन लोकांसाठी मोदक म्हणजे काय ते सांगणारा एक बोर्ड. केदार हा आमच्या टीममधला मुंबईचा मुलगा, स्वभावाने अगदी निर्मळ, त्यामुळे धोकादायक.

"काय गं," डायरेक्टर मला म्हणाले, "विसर्जन झालं असेल ना नागपूरला? तुमच्याकडे दीड दिवसांचा."

"दीड?" केदार म्हणाला. "यार, मला तर तू गौरींबरोबर जातो म्हणालीस. पाच दिवसांचा."

म्हटलं होतं. मागच्या वर्षी, गडबडीत. इतकी वर्षं जपलेलं खोटं, आणि मी दोन माणसांना दोन वेगवेगळे दिवस सांगून बसले होते. खरा गणपती बसवणाऱ्याकडून अशी चूक जन्मात होत नाही.

"अगं, स्वतःच्या घरचा गणपती विसरलीस?" डायरेक्टर हसले. मग हसू तसंच ठेवून ते माझ्याकडे बघत राहिले. टेबलाभोवतीची मराठी माणसं एकाएकी गप्प झाली. अमेरिकन मंडळी मोदक खात होती. माझ्या हातातल्या मोदकाचं नाक माझ्याच बोटाने चेपलं गेलं. मी भिंतीकडे पाहिलं. शेवटच्या खुर्चीत सर होते आणि माझ्याकडेच बघत होते. मला वाटलं, संपलं. आता दोघांचं उत्तर जुळलं.

सर उठले. आपली प्लेट घेऊन सावकाश चालत आले आणि माझ्या प्लेटला लागून ठेवली.

"आमच्याकडे बसत नाही," ते म्हणाले.

"काय, सर?"

"गणपती. आमच्याकडे बसत नाही. कधीच नव्हता. आम्ही बौद्ध." मग त्यांनी गावाचं नाव सांगितलं, वर्ध्याकडचं. मग आडनाव. इतकी वर्षं एका अक्षरावर उभं असलेलं आडनाव पूर्ण, स्पष्ट, प्रत्येक अक्षर सुटं करून.

"अहो सर, काय हे!" डायरेक्टर म्हणाले. "आम्ही कुठे असलं काही बघतो? वी डोंट सी ऑल दॅट."

"दिसत नाही म्हणून तर विचारावं लागतं," सर म्हणाले.

त्यांच्या हातातला काटा प्लेटवर टकटक वाजत होता. तो आवाज ऐकला आणि माझा उजवा पाय आपोआप मागे गेला. मला ग्रीन कार्ड दिसत होतं, बाबा दिसत होते, एवढ्या वर्षांची भाड्याची घरं दिसत होती. पण शेजारी माणूस एकटा उभा होता. मी म्हटलं, "आमच्याकडेही बसत नाही. मी खोटं सांगत होते."

मग डायरेक्टर वळले. "ओके, ओके, गाईज, मोदक थंड होतायत," म्हणत टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेले.

संध्याकाळी पार्किंगमध्ये सर माझ्या गाडीपाशी थांबलेले होते. चेहरा उतरलेला. मला वाटलं आता काहीतरी मोठं बोलतील. त्यांनी इकडेतिकडे बघून हळूच विचारलं, "खरं सांगा. तुम्हाला त्यांनी माझ्या मागे लावलं नव्हतं ना?"

"मला? सर, मी तर तुम्हाला त्यांचा माणूस समजत होते! दर शुक्रवारी दार लावून बसता."

"दर शुक्रवारी ते मला रिटायर व्हा म्हणून समजावतात. तुम्ही मात्र आल्या आल्या गाव विचारलंत. मला वाटलं, नवीन माणूस नेमला."

"आणि माझी दसऱ्याची रजा? त्यांना कुणी सांगितली?"

"रजा त्यांनाच मंजूर करायची असते हो."

हे मला तोपर्यंत सुचलं नव्हतं. आम्ही दोघं हसायला लागलो, वेड्यासारखे, गाडीला टेकून. हसता हसता ते थांबले आणि मला बहिणीचं सांगितलं. त्यांच्या लहानपणी गावातला एक मोठा माणूस वस्तीच्या बोळातून मुद्दाम घोडा पळवायचा. सगळ्यांनी भिंतीला चिकटायचं, तो बघून हसायचा. एक दिवस धाकटी बहीण बोळाच्या मधे बसली होती, खापराचे तुकडे मांडून. हे तिच्याजवळच होते. हे पळाले. घोडा तिच्या पायावरून गेला. ती जन्मभर लंगडली आणि कधी त्यांना एका शब्दाने बोलली नाही.

"मग एका लायब्ररीत चित्र पाहिलं," ते म्हणाले. "चौकोन करून उभी असलेली माणसं आणि अडलेला घोडा. तोवर मला ठाऊकच नव्हतं, घोडा थांबतो. पाच माणसं तिच्या बाजूला उभी राहिली असती तर थांबला असता."

मी गाडीतून पाण्याची बाटली काढून त्यांना दिली. मग ते म्हणाले, "तुम्ही आपल्यातल्या असाल अशी शंका मला पहिल्याच दिवशी आली होती, गाव विचारलंत तेव्हा ती डळमळली. मी घोड्याचं विचारलं की लोक पळेन म्हणतात, बाजूला होईन म्हणतात, हसतात. का विचारताय, असं फक्त तुम्ही म्हणालात. ज्याच्या अंगावर कधी घोडा आलेला असतो, तोच तसं म्हणतो." त्यांनी चष्मा काढून पुसला. आणि बातम्यांचं मराठी तिथेच गळून पडलं. "कोणत्या मोहल्ल्याची वं तू?"

"इंदोऱ्याची," मी आमच्या नागपूरच्या वस्तीचं नाव सांगितलं.

"मले वाटलंच होतं," ते म्हणाले.

पुढचं सांगायला फार सुखाचं नाही. डायरेक्टर आमच्याशी पूर्वीसारखेच गोड वागले, फक्त नंतर प्रश्न विचारले नाहीत. थोड्या महिन्यांनी कंपनीत पदांची फेरमांडणी करणारं रीऑर्ग झालं आणि त्यात सरांचं पदच उरलं नाही. माझं प्रकरण पुढच्या वर्षावर गेलं, मग त्याच्याही पुढच्या. कारण विचारलं तर बजेट. त्या दुपारचा याच्याशी संबंध आहे हे मला दाखवता येणार नाही, आणि संबंध नाही यावर मी मरेपर्यंत विश्वास ठेवणार नाही.

सर मुलीकडे सांता क्लाराला गेले. तिथे गॅरेजच नाही, म्हणून पाइक माझ्याकडे आला. तो माझ्या बाल्कनीत आडवा बांधलाय, दोन्ही टोकं बाहेर. अपार्टमेंटच्या लीझिंग ऑफिसला मी सांगितलंय की ती कपडे वाळत घालायची काठी आहे. फोनवर सर अजून पहिल्यांदा हेच विचारतात, "कापला तर नाहीस ना?"

मागच्या महिन्यात आमच्याकडे एक नवी मुलगी लागली. तिच्या मराठीला कुठल्याच जिल्ह्याचा वास नाही. लंचला डायरेक्टरांनी तिला तो प्रश्न विचारला आणि तिने पटकन, जरा जास्तच पटकन, "पाच दिवसांचा" असं सांगितलं. माझी मान आपोआप हलली. ते तिने पाहिलं, आणि तेव्हापासून ती माझ्यापासून चार हात लांब असते.

काल कॉफी मशीनपाशी ती एकटी सापडली. मी विचारलं, "समजा, घोडा अंगावर आला. तुमच्या हातात फक्त एक लांब काठी आहे. काय कराल?"

तिने कप दोन्ही हातांनी घट्ट धरला. माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागे कुणी आहे का ते पाहिलं.

"का विचारताय?" ती म्हणाली.

आज लंचला मी, सर गेल्यापासून माझी झालेली भिंतीकडची शेवटची खुर्ची उचलली आणि तिच्या खुर्चीला लावून बसले. ती थोडी सरकली. मीही सरकले.